चित्तीच्या गळ्यातली थोरली

चित्ती घरात कुठे आहे ते आम्हाला कधी शोधावं लागलं नाही. ती ऐकू यायची. टिक. टिक. चालताना तिच्या गळ्यातलं पदक तालीवर आपटायचं. ताली म्हणजे आमच्याकडचं मंगळसूत्र. आणि पदकावर माझी आई होती. मेलेली.

महाराष्ट्रातल्या काही घरांत ही रीत अजून आहे म्हणतात. बायको मेली, नवऱ्याने दुसरी केली, की दुसरीच्या गळ्यात पहिलीचा टाक, म्हणजे धातूवर ठोकलेली प्रतिमा, बांधायचा. नाहीतर पहिली रागावते, संसार मोडते. तंजावरला आलेल्या आमच्या पूर्वजांनी बरोबर काय काय आणलं देव जाणे. आज निम्म्यांना देवनागरी वाचता येत नाही, पोरांना मराठी समजतं पण ती उत्तर तमिळमध्ये देतात. ही रीत मात्र कुणी विसरलं नाही. भाषा गेली तरी चालेल, बाईच्या गळ्यातलं ओझं जाता कामा नये. मी देवनागरी शिकले ती कॉलेजात, पुण्याहून आलेल्या एका कार्यकर्तीकडून, आणि शिकल्यावर मला पहिल्यांदा लिहावंसं वाटलं ते याच ओझ्याबद्दल. आता लिहिते आहे.

आधी आईचं सांगते, कारण ते थोडंच आहे. अप्पा ओरत्तनाडूला तालुका कचेरीत कारकून होते. आईला कळा सुरू झाल्या तेव्हा तंजावरची बस निघून गेली होती. बैलगाडी केली. गाडी तंजावरला पोचली. मी पोचले. आई पोचली नाही.

तिचा फोटो नाही. एकही नाही. लग्नात फोटोवाला सांगितला होता, तो आला नाही आणि नंतर कुणाला गरज वाटली नाही. बाईचा फोटो कशाला हवा, बाई आहे की घरात!

चित्ती म्हणजे तमिळमध्ये मावशी, आणि सावत्र आईसुद्धा. दोघींना एकच शब्द, म्हणून मी तो पसंत केला. चित्ती जन्माने चिनी. पिनांगमध्ये जन्मली, तान्ही असतानाच तिच्या आईबापांनी एका तमिळ जोडप्याला दिली. चौथी-पाचवी मुलगी असेल, जड झाली असेल. तिकडे असं पुष्कळ झालं. ते जोडपं म्हातारपणी पापनाशमजवळच्या आपल्या गावी परतलं, बरोबर ही तरणी पोरगी. तमिळ अस्खलित, कपाळाला विभूती, केसांत मल्लीप्पूचा, मोगऱ्याचा गजरा आणि चेहरा अस्सल चिनी. आई गेल्यावर अप्पा बदली घेऊन तंजावरच्या जिल्हा कचेरीत आले होते, तिथे ती कसल्याशा दाखल्यासाठी खेपा घालू लागली. दाखला मिळाला की नाही ठाऊक नाही. अप्पा मिळाले.

आत्याने घर डोक्यावर घेतलं. अप्पांची ती थोरली बहीण, विधवा, घरात तिचाच शब्द.

“सप्पट नाकाची चीनची बाई आणलास! पोरास काय पाजील ती? कढी की किडे?”

अप्पा म्हणाले, “दूध पाजील, आक्का.”

मग आत्याने आपला हुकमी पत्ता काढला. सोनाराकडून पदक ठोकून आणलं, त्यावर उभी बाई, दोन हात, गोल चेहरा, डोळ्यांच्या जागी दोन टिंबं. कुणाहीसारखी. लग्नाच्या दिवशी ते तालीच्या शेजारी बांधलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, “ही थोरली. तूं धाकटी. हें विसरलीस तर ती आठवण करील.”

नव्या नवरीला घाबरवायचं, एवढाच हेतू. चित्तीने पदक हातात धरून नीट पाहिलं आणि विचारलं, “या अक्कांना कॉफी आवडत होती काय?”

तिथून सगळं बिघडलं, किंवा सुधारलं. पिनांगच्या तिच्या गल्लीत चिनी शेजारी मेलेल्या वडिलधाऱ्यांच्या पाटीपुढे रोज चहाची वाटी ठेवत. तिला वाटलं आमच्याकडचंही तसंच काहीतरी असणार. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पहिली फिल्टर कॉफी पितळी डबऱ्यात, पसरट वाटीत, ओतली, पदक त्यावर वाफेला धरलं आणि म्हणाली, “घ्या ला, अक्का. गरम आहे.” हे ‘ला’ तिने मलायातून आणलेलं. मराठी असो, तमिळ असो, वाक्याच्या शेवटी ‘ला’.

आत्या किंचाळली. भुताला कॉफी! सवतीला हळदकुंकू देतात, नव्या लुगड्याची घडी दाखवतात, कॉफी कोण देतं? पण थांबवणार कशी? थोरलीचा मान राख, असं तिनेच बजावलं होतं. वर्षं गेली आणि पुढे दुसऱ्या मराठी घरात कुणी नाक मुरडलं तर हीच आत्या ठणकावून सांगायची, “आमच्या घरांत थोरलीस कॉफी देतात. पूर्वापार पद्धत आहे.” पूर्वापार! परंपरा अशा तयार होतात. मी पुढे हे भाषणात वापरलं आहे.

पण लहानपणी माझ्यासाठी ते भाषण नव्हतं. मी चित्तीच्या मांडीवर बसायचे आणि माझ्या डोळ्यांसमोर ते पदक असायचं. आईचा चेहरा मी पाहिला तो तिथे, चित्तीच्या गळ्यात, श्वासाबरोबर वर-खाली होणारा. सकाळी कॉफीच्या वेळी चित्ती तिच्याशी बोलायची. “पोर काल जेवली नाही ला. गणितात नापास झाली. ताप उतरला.” सगळ्या चुगल्या. आणि मग गप्प बसायची. चांगली बराच वेळ, मान जराशी कलती करून, पलीकडून कुणी बोलतंय आणि आपण ऐकून घेतोय अशी. मला त्या गप्प बसण्याची भीती वाटायची. कारण त्यानंतर ती माझ्याकडे वळून म्हणायची, “आई म्हणते, केसांना तेल लाव.”

मी अंधश्रद्धेवर शेकडो लोकांसमोर बोलले आहे. त्या कलत्या मानेसमोर मला आजही बोलता यायचं नाही.

आता कारखान्याचं. ‘कारखाना’ हा अप्पांचा शब्द, चेष्टेचा. मुळात आमची गच्ची. चित्तीने तिथे वडाम घालायला घेतले. वडाम म्हणजे तुमची कुरडई, पण तांदळाच्या उकडीची, सोऱ्यातून पाडलेली. उन्हात वाळवायची, तळली की कुरकुरीत. आईचे वडाम ओरत्तनाडूच्या गल्लीत नावाजलेले होते. चित्तीने आत्याला कृती विचारली, आत्याने अर्धीच सांगितली. उरलेली अर्धी काढायला चित्ती ओरत्तनाडूला जाऊन आईच्या जुन्या शेजारणीच्या दारात बसली. आई उकडीत आंबवलेली पेज घालायची, असं निघालं. त्या आंबट चवीवर पुढे दुसरी गच्ची झाली, तिसरी झाली, मग गावाबाहेर पत्र्याची शेड, आणि सरकारने बाजाराची दारं उघडली तेव्हा माल पिनांगला आणि सिंगापूरला जाऊ लागला. पाकिटावर शिक्का: उभी बाई, दोन हात, गोल चेहरा. पदकावरचीच.

“मेलेल्या बाईची जाहिरात करतेस?” मी विचारलं होतं. मी तेव्हा नुकती पुण्याच्या त्या कार्यकर्तीच्या संघटनेत शिरले होते आणि मला घरात सगळीकडे शोषण दिसत होतं. बरंचसं होतंही.

“कृती तिची, शेड माझी,” चित्ती म्हणाली. “नाव कुणाचं लावू ला?”

श्रम ज्याचा त्याचं नाव, हे तर माझंच वाक्य.

मी तिला सोडलं नाही. शेडमधल्या बायकांना संडास नाही, सावली नाही, यावर मी पत्रक काढलं आणि तिच्याच फाटकावर वाटलं. तिने एक घेतलं, दुपारी ते बायकांना मोठ्याने वाचून दाखवलं, संडास बांधला, सावलीला झावळ्या घातल्या आणि उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर वडाम वाळवले. शाई लागली म्हणून ते घरी आणून मलाच तळून घातले.

“तुझीच क्रांती. खा.”

दुसरं पत्रक मात्र घरात शिरलं. ते बायकांच्या गळ्यातल्या ओझ्यांवर होतं. तमिळमध्ये, दोन पानी. सवतीच्या पदकाचा त्यात उल्लेख होता, आणि मी लिहिलं होतं: हे फेकून द्या. घरी येऊन मी तेच तोंडाने सांगितलं.

“काढ ते, चित्ती.”

“काढून कुठं ठेवू?”

“कपाटात.”

“माणूस कपाटात ठेवतात काय?”

“ते माणूस नाही. पत्रा आहे. आत्याने तुला भिववायला घातलाय.”

“ते मला ठाऊक आहे,” ती म्हणाली. “पण अक्कांना ठाऊक नाही.” आणि पदक पदराआड सरकवलं, मोठ्यांचं भांडण मुलाच्या कानावर पडू नये म्हणून त्याला आत पाठवतात तसं.

मद्रासच्या एका मोठ्या कंपनीचा माणूस आला तो याच सुमारास. टाय बांधलेला, घामाने निथळणारा. त्याला अख्खा धंदा विकत हवा होता. शिक्का बदलायचा, म्हणाला; पाकिटावर नथ घातलेली, हसरी तमिळ मामी हवी. हे चित्र कुणाचं?

“आमच्या थोरल्या बाईचं.”

“पण हिला तर चेहराच नाही, मॅडम.”

तेवढ्यात व्हॅनचा ड्रायव्हर धावत आला. ओरत्तनाडूच्या बाजूचं गाव, बाई अडली आहे. व्हॅन मालाने भरलेली, बंदराला निघालेली. चित्तीने नुसती टाळी वाजवली आणि शेडमधल्या बायकांनी खोके उतरवून रस्त्याच्या कडेला रचायला घेतले. अडलेल्या बाईला आधी व्हॅन, मालाला नंतर. हा तिचा नियम होता, तो कुठे लिहिलेला नव्हता. बंदराची बोट चुकली तरी तो मोडत नसे, आणि बोट चुकलेली आहे. याला लोक दानधर्म म्हणायचे. ती म्हणायची, “दान नाही ला. उशीर झालाय, तो भरून काढते.”

त्या दिवशी मीही व्हॅनमध्ये चढले. परतताना ती बाई आमच्या दोघींमध्ये, वडामातल्या मिरच्यांच्या वासात, डोळे मिटून विव्हळत होती. तिची सासू चित्तीच्या गळ्याकडे बघत होती. आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं: बाळंतपणात गेलेली बाई दुसऱ्या बाळंतिणीवर टपून असते. आत्याने कितीदा तरी डोकं आपटलं होतं, “बाळंतपणांत गेलेलीस गळ्यांत घालून बाळंतिणीकडे जाते ही! अय्यो, उलटं काळीज!” सासू हात जोडून म्हणाली, “अम्मा, ते जरा झाकून घ्या.”

चित्तीने झाकलं नाही. “घाबरू नका,” ती म्हणाली. “ही रस्ता ओळखते.”

रस्ता तोच होता. मला कुणी सांगितलं नव्हतं आणि तरी मला कळलं. खड्डा आला की टिक. दोन्हीकडे भातशेती, बगळे, दुपारचं ऊन, आणि व्हॅनमध्ये आम्ही होतो त्यापेक्षा एकीची भर. मी हे लिहायला नको, माझ्या संघटनेतले लोक वाचतील. वाचू देत. ती बाई पोचली. तिचं मूलही पोचलं.

शेडवर परतलो तेव्हा टायवाला अजून बसून होता. व्हॅनचं असं चालणार नाही म्हणाला. चित्तीने त्याला ताक दिलं आणि वाटेला लावलं.

मग अप्पा गेले. सकाळी पेपर वाचता वाचता, कुणाला न सांगता.

दहाव्या दिवशी तिरुवैयारुला, कावेरीच्या घाटावर. नदीत पाणी कमी, वाळू जास्त. माझा धाकटा भाऊ, चित्तीचा मुलगा, डोकं भादरून पिंडांपुढे बसला होता. बायका एका बाजूला. आत्या दुधाची वाटी घेऊन उभी, कारण आमच्याकडे नवरा गेला की बाईची ताली काढून दुधात टाकतात. ती रीत किती क्रूर आहे यावर मी स्वतंत्र पत्रक लिहीन. त्या दिवशी चित्तीने कुणाला हात लावू दिला नाही, स्वतः मान वाकवून ताली सोडली आणि दुधात ठेवली. आवाज झाला नाही.

आत्या म्हणाली, “तेंही सोड.”

चित्तीने पदक मुठीत धरलं.

“सोड, बाई. नवरा गेला, सवतपण सरलें. थोरलीस आतां नदींत पाठवायचें. मोकळी होऊं दे तिला.”

“नवरा गेला,” चित्ती म्हणाली. “अक्का कुठं गेल्या?”

“ती तर केव्हांच गेली, वेडे!”

“माझ्याकडे तर सकाळी होत्या ला. कॉफी घेतली त्यांनी.”

कुणीतरी हुंदका दिला, कुणीतरी हसलं. भटजींनी उन्हाकडे पाहिलं. इतकी वर्षं घरात राबलेली, घर चालवणारी, अर्ध्या गल्लीला पोसणारी बाई, आणि तिच्या मुठीची बोटं सोडवायला नात्यातल्या दोन बायका पुढे झाल्या. चित्तीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत मी आयुष्यात पहिल्यांदा भीती पाहिली. कळलं की ती मलाही घाबरते आहे, कारण घाटावर जमलेल्यांत ते पदक फेकून द्यावं असं सगळ्यांत आधी मीच बोलून दाखवलं होतं.

अप्पांच्या चुलतभावालाही ते आठवलं. काका सरकारी नोकरीत, घरात कागद जपून ठेवणारे. “ही काय बोलणार?” ते माझ्याकडे बोट करून म्हणाले. “हिनंच तर कागद वाटला. फेकून द्या म्हणून लिहिलंय. मी वाचलाय.”

“पहिलं पान वाचलंत, काका,” मी म्हणाले. “पान उलटायचं असतं.”

“काय आहे मागं?”

“बाईच्या गळ्यात काय राहील आणि काय उतरेल ते ती बाई ठरवील. दुसरं कुणी नाही. नवरा नाही, सासू नाही, भटजी नाही.” मग आवाज चढलाच, तो चढतोच. “आणि तुम्ही तर नाहीच! आई जिवंत असताना तिला बस मिळाली नाही, फोटो मिळाला नाही. तेव्हा होतात कुठे सगळे? आता मोकळी करायला आलात! हात काढा!”

बायकांनी हात काढले. घाटावर माणसं थबकून बघू लागली. आत्या दुधाच्या वाटीत बघत राहिली. मग पुटपुटली, “तुझी आईसुद्धां अशीच भांडत असे.”

मला ते आजवर कुणी सांगितलं नव्हतं. चित्तीलासुद्धा नाही. एवढं सगळं विचारत फिरलेल्या चित्तीलासुद्धा. आम्ही दोघींनी एकाच वेळी आत्याकडे पाहिलं आणि आत्या गडबडून म्हणाली, “काय बघतां? असे. भांडत असे. भाजीवाल्याशीं, माझ्याशीं, सगळ्यांशीं.”

परतताना टॅक्सीत चित्तीने पदक माझ्यापुढे धरलं. “तुझी आई आहे. तुला पाहिजे काय? मागशील तर देते.”

“नको,” मी म्हणाले. “माझ्या गळ्यात मला ती दिसणार नाही. तुझ्या गळ्यात दिसते.”

माझं मत बदललेलं नाही. रीत वाईटच. मेलेलीचं भय दाखवून जिवंतीला वाकवण्यासाठीच ती काढली आहे, आणि मी ती मोडायला जिथे बोलावाल तिथे येईन. पण आमच्या घरात ती रीत उरलीच नव्हती. कॉफीत विरघळून तिचं दुसरंच काहीतरी झालं होतं, आणि त्याला माझ्या पत्रकात शब्द नाही.

घरात मात्र ते दिवस वाईट गेले. ताली नव्हती, तेव्हा पदकाला आपटायला काही नव्हतं. चित्ती खोलीत येई आणि आम्हाला कळत नसे. मागे वळावं तर ती उभी. भाऊ दचकायचा, मी दचकायचे. आणि उलटंही व्हायचं, ते जास्त वाईट: ती शेजारी बसलेली, आणि मला मधल्या खोलीत चालताना ऐकू यायचं. टिक. टिक. मी चित्तीकडे बघितलं तर तिचीही मान कलती झालेली.

सुतक फिटल्यावर ती शेडवर गेली. विधवेने पहिल्या घाण्याला हात लावू नये असं आत्या सांगत होती, तिच्याकडे लक्ष न देता गेली. मी बरोबर होते. आत बायकांच्या गप्पा रंगल्या होत्या, नेमक्या आमच्याच घरावरच्या. कुणी घाटावरच्या माझ्या आवाजाची नक्कल करत होती, चांगली करत होती. चित्ती त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली तरी कुणाला पत्ता नाही. नक्कल करणारी वळली आणि तिच्या हातून सोऱ्याच पडला.

“अय्यो, अम्मा! भुतासारख्या येता! आधी टिकटिक यायची, आम्ही गप्प बसायचो. आता आम्ही काय करायचं?”

सगळ्यांनी जिभा चावल्या. चित्ती मात्र हसली, त्या दिवसांत पहिल्यांदाच. कमरेची शेडची किल्ली सोडली, जाडजूड लोखंडी, आणि गळ्यातल्या दोऱ्यात पदकाशेजारी ओवली. मग उकडीच्या भांड्यापर्यंत चालत गेली.

टिक. टिक.

आवाज पूर्वीपेक्षा जड होता.

“ऐकू येतं ला?” तिने विचारलं. बायकांकडे न बघता, खाली पदकाकडे बघत.